बूट बाहेर

नवा मध्यप्रदेश झाला आणि बुऱ्हाणपूरच्या कचेरीत जागा निघाल्या. मी परीक्षा पास झालो, साहेबांना माझं अक्षर आवडलं, आणि डॉक्टरांनी पायाकडे पाहून ‘अनफिट’ असा शेरा मारला. डावा पाय लहानपणी तापात गेला, तो काही मी विकून खाल्ला नव्हता. मांडीपर्यंत लोखंडी पट्ट्या असलेला बूट चढवला की मी चांगला चालतो. पण चालून दाखव म्हणतो कोण?

मग शाळा, गिरणी, सोसायटी, सगळ्यांचे उंबरे झिजवले. बहादरपूरला सासरे दगाबापू अडून बसले होते. "नोकरी लागल्याबिगर पोरगी धाडनार नाही, गिरधरराव." माझी बायको मनकर्णा आणि आमचं रांगतं पोरगं त्यांच्याकडेच. रिकाम्या घरात मला अन्न गोड लागेना.

शेवटी बुधवारा मोहल्ल्यातल्या एका कापसाच्या पेढीला मुनीम हवा होता. शेठजी गादीवर आणि बाकीचे खाली सतरंजीवर मांडी घालून, अशी तिथली रीत. माझा गुडघा बुटात वळत नाही. मी हात जोडून एक स्टूल मागितलं.

"स्टुलावर बसशील तं माझ्या वर होशील," शेठजी म्हणाले. "गिऱ्हाइकानं नमस्ते करायची तं कोणाले?"

"मग खाली बसतो, पाय लांब करून."

"गादीकडे पाय? अन् तोही चामड्याच्या बुटाचा? देख भाई, तुझं काम पसंत आहे मले. बूट बाहेर काढ, मांडी घाल, उद्यापासून ये."

बूट काढला की मला उभं राहता येत नाही, हे मी सांगून पाहिलं.

"मुनिमाले उभं राहायचं कामच काय?" ते हसले.

आणि मी गाढव, हो म्हणालो. त्याच दिवशी बहादरपूरला निरोप धाडला.

रोज पायरीवर चपलांच्या शेजारी माझा बूट राहायचा आणि मी हातांवर सरकत आत जायचो. फार लाज वाटायची. पोराचा चेहरा आठवून ती गिळायचो.

बाजाराच्या दिवशी दगाबापू बैलगाडी घेऊन पेढीवर आले. मागे मनकर्णा, कडेवर पोरगं. सासरा दारात आला तर जावयानं उठून सामोरं जावं. मी बसूनच हात जोडले.

"आमी दारात, अन् तुमी बसूनच?" दगाबापूंचा आवाज चढला.

मनकर्णाला चपलांजवळ बूट दिसला आणि ती समजली. पोराला दगाबापूंकडे देऊन तिनं बूट उचलला, आत यायला पाऊल टाकलं. शेठजींनी मान वर केली.

"आत आणू नको!" मी ओरडलो आणि हातांवर सरकत दाराकडे निघालो. मला तसं येताना पाहून पोरगं हसलं. त्यालाही खाली उतरून रांगायचं होतं.

दगाबापूंनी त्याला घट्ट धरलं. "ही नोकरी?" एवढंच म्हणाले आणि गाडीकडे वळले.

मी पायरीशी पोचलो. मनकर्णा खाली बसली, माझा पाय बुटात घालून पट्टे आवळू लागली.

"त्यांना थांबव गं. मी चालत येतो."

गाडीत पोरगं रडायला लागलं. "मनकर्णा!" दगाबापूंनी हाक मारली.

"अहो, तो भुकेला आहे," ती उठत म्हणाली. "गुडघ्याचा पट्टा तेवढा तुमी आवळा."

तिला घेऊन गाडी हलली तेव्हा मी तोच आवळत होतो.