नवव्या भागातली चूक

चौदा महिने खोलीत काढल्यावर धाकट्यानं बाहेर यायचं ठरवलं, आणि नेमकी त्याच सकाळी दाराची मूठ उखडून त्याच्या हातात आली.

ठरवलं होतं ते ताईसाठी. तिला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती आणि अकराला टॅक्सी यायची होती. सकाळीच ती दारावर टकटक करून म्हणाली होती, “येते रे. खात जा नीट.” त्यानं उत्तर दिलं नाही. रुसला होता म्हणून नव्हे. उत्तर द्यायला तो स्वतः बाहेर जाणार होता, फक्त आधी कात्रीनं दाढी कापायची होती. ती कापता कापता पावणेअकरा झाले. आता ताई मनात हेच घेऊन जाणार, की भावानं साधं ‘हो’सुद्धा म्हटलं नाही.

“आई! बाबा! इकडची मूठ निघाली. बाहेरून जरा फिरवा!”

दोन जोडी पावलं धावत आली आणि दारापलीकडे थबकली.

“हात लावू नकोस!” हा बाबांचा आवाज.

“अहो, तो स्वतःच म्हणतोय, उघडा.”

“नववा भाग आठव.”

धाकट्यानं कपाळावर हात मारला. चूक त्याचीच होती. बाबांचा जन्म ग्रंथालयात पुस्तकांच्या याद्या करण्यात गेलेला. महिन्यापूर्वी त्यांनी दाराखालून चिठ्ठी सरकवली होती : ‘तुला काय होतंय ते कळत नाही. कुठे वाचायला मिळेल?’ धाकट्यानं उलट चिठ्ठीत एका जपानी ॲनिमे मालिकेचं नाव लिहून दिलं. बारा भाग, पंचविशीतला नायक, स्वतःला खोलीत कोंडून घेतलेला. बाबांनी आईला शेजारी बसवून बाराही भाग दोनदा पाहिले, वहीत टिपणं काढत. नवव्या भागात नायक ‘उघडा, उघडा’ म्हणून ओरडतो, बाप बिचारा दार उघडतो, आणि समोर माणसं बघून पोरगा असा बिथरतो की पुढचे दोन भाग पलंगाखालीच.

“बाबा, ती मालिका आहे! इथे खरंच मूठ निघालीय!”

“बघ,” बाबा आईला हळूच म्हणाले, “तोही असंच काहीतरी कारण सांगत होता. पोटदुखीचं.”

“मग आता काय करायचं?”

“इथेच बसून मायेनं बोलायचं. पान सतरा.”

वहीची पानं फडफडली.

ताईचा फोन लागेना. ती रस्त्यावर उभी राहून फोनवर टॅक्सीवाल्याला कुठे थांबायचं ते समजावत होती, ते इथवर ऐकू येत होतं. राहिली खिडकी. खोली तळमजल्यावरची, खिडकीला गज नव्हते. पण पडदा चौदा महिने ओढलेलाच होता. मागच्या बोळात शेजारच्या काकू कपडे वाळत घालायच्या, आणि काकूंनी गाठलं की पहिला प्रश्न ठरलेला : ‘सध्या काय करतोस?’ त्या एका प्रश्नाच्या धसक्यानं त्यानं ऊन सोडलं होतं.

तो खिडकीवर चढला, पायजमा खिळ्याला अडकून टरकला, आणि धाकटा काकूंच्या ओल्या चादरीसकट खाली आला.

“अगं बाई! तू होय?” काकूंनी चादर बाजूला केली. “तू तर परदेशात होतास ना? तुझी आईच म्हणाली.”

आईला खोटं पाडणं बरं दिसलं नसतं. “हो.”

“कधी आलास?”

“आत्ताच.”

काकूंनी खिडकीकडे पाहिलं, फाटक्या पायजम्याकडे पाहिलं. “हाल झाले रे प्रवासात,” म्हणाल्या आणि चादर पुन्हा पिळायला घेतली.

प्रश्न आलाच नाही! तो धूम पळाला. म्हणजे त्याला तसं वाटलं. पाय बरंच काही विसरले होते. पुढच्या दाराशी पोचला तेव्हा ताई टॅक्सीचं दार उघडत होती.

“ताई, थांब! हो!”

“हो काय?”

“खात जा म्हणालीस ना सकाळी. हो म्हणतोय.”

ताईनं टॅक्सीचं दार सोडलं. काही बोलणार, तेवढ्यात तिचं दाढीकडे लक्ष गेलं. “उंदरांनी कुरतडली का रे? आणि आई-बाबा कुठायत? निघायची वेळ झाली तरी फिरकले नाहीत.”

“माझ्या दाराशी आहेत. मला बाहेर काढतायत.”

ताईनं त्याचा हात धरला आणि दोघं दबक्या पावलांनी आत गेली.

बाबा जमिनीवर मांडी घालून बंद दाराशी बोलत होते. वही मिटून मांडीवर होती. “खरं सांगू? मला त्या मुलात तू दिसलाच नाहीस, मीच दिसलो. बत्तीस वर्षं मी कपाटामागे बसून एकट्यानं डबा खाल्ला. कुणी ‘काय, कसं काय?’ विचारलं तर काय बोलायचं, हीच धास्ती. पगार चालू होता, म्हणून कुणाला तो आजार वाटला नाही, एवढंच.”

धाकटा हळूच त्यांच्या शेजारी टेकला. बाबांनी दारावरची नजर न काढता “हे धर जरा” म्हणून वही त्याच्या हातात दिली आणि चष्मा पुसायला घेतला.

आई वळली. तिनं धाकट्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, पुन्हा धाकट्याकडे पाहिलं.

“मग आत कोण आहे?”

बाहेर टॅक्सीवाल्यानं हॉर्न दिला. आईनं धाकट्याला घट्ट धरलं ते सोडेचना. ताईनं दोघांनाही ओढत दाराबाहेर नेलं. बाबा घाईघाईनं उठले, चष्मा चढवला, आणि जाता जाता रिकाम्या खोलीच्या दाराला म्हणाले, “आलोच.”