तांबडी चादर

धंद्याला परवाना देणारा कायदा येणार हे पक्कं झालं, तेव्हा गल्लीतल्या प्रत्येकाने आपल्याला त्यातून काय सुटतंय ते मनाशी जुळवून पाहिलं. आमच्या लॉन्ड्रीच्या समोरच्या घराची मालकीण, जिला सगळे थोरली म्हणत, तिला दारावर पाटी लावून मान वर करून बसता येणार होतं. तिच्या घरात धंदा करणाऱ्या बायकांना दवाखान्यात खरं दुखणं सांगता येणार होतं, आणि गिऱ्हाइकाने हात उगारला तर चौकीत जाऊन तक्रार करता येणार होती. तोवर चौकीत त्यांना फक्त धरून नेत. नव्या नियमात रोज धुतलेल्या चादरी सक्तीच्या होत्या, त्यामुळे आम्ही लॉन्ड्रीवालेही मोठ्या तत्त्वाने कायद्याच्या बाजूचे झालो. तोटा दिसत होता तो एकट्या हवालदाराचा, त्याचा हप्ता बुडणार होता, आणि त्याच्यासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी आलं नाही.

राहिली आत्या. तिला काय सुटतंय ते कोणी पाहिलंच नाही, कारण ती धंद्यात नव्हती.

पूर्वी कधीतरी ती खालच्या खोल्यांत होती. वय झालं तशी गच्चीवर गेली आणि तिथलीच झाली. सांगायला काम चादरी वाळत घालण्याचं. खरं काम वेगळं. गच्चीवरून गल्लीची दोन्ही तोंडं दिसत. पोलिसाची टोपी दिसली की आत्या टोपलीच्या तळातून एक तांबडी चादर काढायची आणि घराच्या आतल्या चौकावर सोडायची. सगळ्या खोल्यांच्या खिडक्या त्या चौकात उघडत. चादर पडली की भिंतींवर तांबूस उजेड यायचा, आणि ज्या स्थितीत असतील त्या स्थितीत बायका उठून गच्चीवर. तिथून कठडा ओलांडून बुक बांधणीवाल्याची गच्ची, त्याचा जिना, मागची गल्ली. त्याच्या जिन्यात पिशव्या टांगलेल्याच असत. थोड्या वेळाने आम्ही इस्त्री फिरवता फिरवता बघत असू, तर सगळ्या भाजीच्या पिशव्या हलवत, बाजारातून आल्यासारख्या समोरून यायच्या आणि दारात उभ्या हवालदाराला विचारायच्या, "काय हवालदार, आमच्याकडे पाहुणे आलात आणि आम्हीच घरी नाही!"

बुक बांधणीवाला रागवायचा तो एवढ्यावरच, की ओल्या खळीवर पाय देऊ नका.

अजूनही उन्हात पांढऱ्या चादरी दिसल्या की आमची नजर तांबडी शोधते. गल्लीत तेव्हा मजा होती असं आम्ही म्हणतो. म्हणणारच, धाड आमच्यावर पडत नव्हती.

नियमांचं पुस्तक आलं त्या दिवशी मी धुतलेलं बोचकं पोचवायला गेलो होतो. पुढच्या खोलीत घरातल्या बायकांपैकी एक, गप्पी, ते मोठ्याने वाचत होती. हिचं वाचन म्हणजे निम्मं नाटक. थोरली खुर्चीत, नवी म्हणून जी आली होती आणि कितीतरी दिवस नवीच राहिली होती ती जमिनीवर, आणि दाराशी आत्या कपड्यांचे चिमटे निवडत.

"खोलीला खिडकी हवी," गप्पी म्हणाली. "आहे. प्रत्येक खोलीत धोक्याची घंटा हवी."

"आत्या आहे की," नवी म्हणाली.

"आत्या काय वाजते?"

"तिचा चहा संपवून बघ, वाजते की नाही ते."

आत्याने एक चिमटा नेम धरून नवीला मारला.

गप्पीने पान उलटलं आणि तिचा आवाज खाली आला. "घरात काम करणाऱ्या बायका आणि अर्जदार मालकीण, एवढ्यांनीच राहायचं. इतर कोणी राहताना आढळल्यास परवाना रद्द."

सगळ्यांनी आत्याकडे न बघायचा प्रयत्न केला आणि तो चांगलाच दिसला.

"हे त्या दलालांसाठी आहे," थोरली म्हणाली. "बायकांच्या जिवावर बसून खातात त्यांच्यासाठी. बरोबरच आहे ते. आत्यासाठी थोडंच लिहिलंय?"

"पण आत्याला सोडून असंही लिहिलेलं नाही ना, थोरले."

"तू पुढे वाच."

पुढचं कलम पडताळणीचं होतं. बाईला कोणी फसवून, विकून आणलेलं नाही ना, हे बघायला कचेरीचा माणूस तिच्या माहेरच्या पत्त्यावर जाऊन चौकशी करणार. पत्ता खोटा निघाला तर सगळ्या घराचा परवाना जाणार. कोपऱ्यावरच्या घराचा पुढे असाच गेला. नवीने खांदे उडवले. तिला विकलं होतं तेच मुळी माहेरच्यांनी, त्यांना काय कळायचं राहिलं होतं? गप्पीचं कोणी उरलंच नव्हतं, तिला तसा दाखला आणला की भागणार होतं.

"बरं झालं बाई," आत्या म्हणाली, "मी कशातच नाही."

ती हसून म्हणाली, पण चिमटे निवडायची थांबली होती. दर उन्हाळ्यात आत्या आठवडाभर भावाकडे जायची. मुलींच्या वसतिगृहात देखरेख करते, असं तिने तिथे सांगितलं होतं, आणि तसं बघितलं तर त्यात खोटं थोडंच होतं. जायच्या आधी ती भावासाठी, वहिनीसाठी, भाचरांसाठी घेतलेले कपडे आमच्याकडे इस्त्रीला टाकायची आणि घड्या पुन्हा पुन्हा मोडून बघायची. परत आली की महिनाभर तेच पुराण. वहिनीने खिडकीजवळची खाट दिली. भाचा म्हणाला, आत्या, आता इथेच राहा. त्या एका हाकेवरून तर अख्खी गल्ली तिला आत्या म्हणायला लागली होती.

थोरलीने मार्ग काढला. तपासणीच्या दिवशी आत्याने आमच्या लॉन्ड्रीत बसायचं, आमची माणूस म्हणून. परवाना हातात पडला की पुढचं पुढे. "आणि ती तांबडी चादर फेकून द्या आत्या. आपण आता कायद्यातल्या."

"टाकते की," आत्या म्हणाली, आणि ती तिने टोपलीच्या तळाशी टाकली.

तपासणी सकाळची होती. अर्जांची मुदत त्याच दिवशी संपत होती. घर असं घासलं होतं की जिन्याला साबणाचा वास येत होता. बायका आपापल्या खोल्यांत नव्या चादरींवर, सुरकुती पडू नये म्हणून काठावर बसल्या होत्या. थोरली पुढच्या खोलीत, मांडीवर कागदांची फाइल. मी राहिलेलं बोचकं घेऊन गेलो होतो आणि येताना आत्याला घेऊन यायचं होतं, पण आत्या वरून ओरडली, "आले रे, एवढ्या दोन टाकते आणि आले!"

आता तपासनीस बाई नवीन, त्यांना गल्ली माहीत नाही. मग त्यांनी वाट दाखवायला कोणाला बरोबर घ्यावं? हवालदाराला. आणि हवालदाराने टोपी घातली होती.

घरात तांबूस उजेड पडला.

त्या क्षणी काय झालं ते नंतर प्रत्येकीने वेगळं सांगितलं, पण कारण सगळ्यांनी एकच दिलं. पाय उठले. डोक्याला विचारायला वेळच मिळाला नाही. गप्पी पळाली, नवी पळाली, बाकीच्या पळाल्या. थोरली, जिने महिनाभर कचेरीचे उंबरे झिजवून हा अर्ज केला होता, जी गुडघ्यामुळे जिना चढायला का कू करायची, तीसुद्धा भानावर आली तेव्हा बुक बांधणीवाल्याच्या गच्चीवर उभी होती, छातीशी फाइल कवटाळून, आणि पाय ओल्या खळीत.

तपासनीस बाई आत आल्या तेव्हा खाली मी एकटा.

"तुम्ही कोण?"

"लॉन्ड्री," मी म्हटलं. एरवी मी बराच बोलका आहे.

बाईंनी एकेक खोली उघडून पाहिली. पलंगांच्या काठांवर बसल्याच्या खुणा होत्या, माणूस नव्हतं. हवालदाराचा चेहरा वाढदिवस असल्यासारखा झाला होता.

"पळाल्या बाई. मी सांगत नव्हतो? मनाने राहिलेली बाई कशाला पळेल? डांबून ठेवलेल्या असणार. सरळ सील ठोका."

बाईंनी नाइलाजाने पेन काढलं. "अर्जदार हजर नाही. काम करणारी एकही हजर नाही. मुदत आज संपते. माझ्या हातात दुसरं काही नाही."

"मी आहे ना," जिन्यावरून आवाज आला.

आत्या उतरत होती. हाताला ओल्या कपड्याचं पाणी, खांद्यावर तांबडी चादर. तिने आपली चूक वरूनच पाहिली होती, आणि उतरता उतरता तिचं काहीतरी ठरलं असावं, कारण शेवटच्या पायऱ्या ती सावकाश उतरली.

"तुम्ही इथे काम करता?" बाईंनी विचारलं.

"करते."

"म्हणजे, हेच काम?"

"बाई, या घरात दुसरं कुठलं काम असतं?"

हवालदार फिसकन हसला. "अहो, ही म्हातारी! ही कसली काम करते? ही तर वर उभी राहून…"

"सांगा ना हवालदार," आत्या म्हणाली. "वर उभी राहून मी काय करते ते तुम्ही इतकी वर्षं बघताय, आणि तरी मला कधी धरलं नाही. का ते पण सांगा. बाई लिहून घेतील."

हवालदाराला एकदम खोकला आला. तो गल्लीत मोकळी हवा घ्यायला गेला.

तपासनीस बाई आत्याकडे बघत राहिल्या. त्या काही दुधखुळ्या नव्हत्या. "आजी, वयाची वरची अट नियमात नाही, खरंय. पण मला सगळे प्रश्न विचारावे लागतील."

"विचारा की."

"तुम्ही हे काम स्वखुशीने करता?"

आत्या खुर्चीत बसली. चादर मांडीवर घेऊन तिची घडी घालायला लागली. "मला आणलं तेव्हा हे कोणी विचारलं नव्हतं. तेव्हा विचारलं असतं तर नाही म्हणाले असते. इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्या. आज विचारताय, तर आज हो. आज स्वखुशीने."

बाईंचं पेन जरा अडलं, मग चाललं. "बाकीच्या का पळाल्या?"

"सवय. तुमचा कायदा महिन्याभराचा, त्यांचे पाय जुने. येतील आत्ता, बाजाराच्या पिशव्या घेऊन."

"माहेरचा पत्ता?"

मी बोचक्याची गाठ सोडून पुन्हा बांधली. बाहेर बुक बांधणीवाला कोणावर तरी ओरडत होता.

"खोटा देऊ नका," बाई हळूच म्हणाल्या. "आणि नसेलच कोणी, तर तसा दाखला लागेल. मग आज नाही होणार."

"आहे की. भाऊ आहे," आत्या म्हणाली, आणि तिने पत्ता सांगितला. गाव, रस्ता, घराची खूण. दाराशी फुलझाड आहे, तेही सांगितलं. फुलझाडाचं तेवढं बाईंनी लिहून घेतलं नाही.

तेवढ्यात एकेक करून सगळ्या आल्या. खरोखरच पिशव्या हलवत. थोरली सगळ्यांत शेवटी, पायाला कागदाची चिठोरी चिकटलेली. एक बाई हजर सापडली होती, अर्जदारही आली होती, घर चालू धरलं गेलं. बाईंनी प्रत्येकीला तेच प्रश्न विचारले आणि जाताना थोरलीला म्हणाल्या, "घंटा बसवून घ्या."

त्या गेल्यावर थोरली आत्यावर इतकी चिडली की रडायलाच लागली. "मी रस्त्यावर नसतं हो टाकलं तुम्हाला! दुसरं घर घेतलं असतं, खोली घेतली असती. पत्ता कशाला दिलात?"

"चादर मी टाकली," आत्या म्हणाली. "तू नाही."

भावाकडे चौकशीला गेलेला कचेरीचा माणूस सभ्य होता. त्याने दारात चपला काढल्या, पाणी मागितलं, आणि सगळ्या घरादेखत, अगदी नियमात सांगितल्याप्रमाणे हळुवारपणे विचारलं की आपल्या बहिणीला या धंद्यात कोणी जबरदस्तीने तर नाही ना लोटलं. हे त्यानेच पुढे आम्हाला सांगितलं. भाऊ म्हणाला, मला बहीण नाही. वहिनीने आत जाऊन दार लावलं. माणसाने प्रामाणिकपणे लिहिलं, नातेवाइकांची हरकत नाही.

गल्लीतलं नोंदणीचं पहिलं कार्ड आत्याचं आलं. फोटोत ती कॅमेऱ्याकडे न बघता वर कुठेतरी बघतेय, गच्चीवर ढग आलेत का ते पाहावं तशी. नवी म्हणाली, "बघा बाई, सरकारमान्य!" आणि आत्याही हसली. त्या उन्हाळ्यात भावाच्या घरच्यांसाठी घेतलेले कपडे तिने आमच्याकडे इस्त्रीला टाकले. तयार झाले तेव्हा घड्या मोडून पाहिल्या नाहीत. नेलेच नाहीत.

पुढे ती वारली तेव्हा त्याच घरातल्या खोलीत स्वतःच्या नावाने राहत होती. तोवर दारावर पाटी होती, घंटा होती, आणि गप्पीने एका दांडग्या गिऱ्हाइकाला चौकीत ओढून नेऊन तिथे खुर्चीत बसून तक्रार लिहिली होती. कायदा वाईट होता का, असं कोणी विचारलं की थोरली अजून फणकारते. "ज्यांनी चौकीतली रात्र काढली नाही त्यांनी विचारावं हे." आत्याचंही तेच मत होतं. फक्त ती म्हणायची, जरा लवकर यायला हवा होता.

तांबडी चादर आमच्या कपाटात आहे. मधे एकदा धुतली, रंग अजून सुटतो. सगळं जुळवून पाहिलं तर त्या कायद्यात बहुतेकांना काही ना काही सुटलं. थोरलीला पाटी, बायकांना झोप, आम्हाला रोजचं बोचकं, हवालदारालासुद्धा बदली होऊन साहेबाच्या बंगल्यावरची ड्युटी. आणि त्या सगळ्यापायी गेलं ते खिडकीजवळच्या एका खाटेवरचं उन्हाळ्यातलं आठवडाभराचं झोपणं. ते आत्याचं होतं.