माळ्यावरचा पांगुळगाडा

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहून मंजुळाबाईने माळ्यात हात घातला आणि सरकीच्या पोत्यांमागे सारलेला पांगुळगाडा दांडीला धरून ओढला. चार वर्षांची धूळ तिच्या तोंडावर आली. खाली सासू धुरपदाबाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"हळू काढ व माय. मोडी जाई."

मोडायचं ते केव्हाच मोडून झालं होतं. मंजुळाबाई गाडा छातीशी धरून खाली उतरली आणि तिने तो ओसरीवर ठेवला. हिरव्या-तांबड्या लाखेचा रंग अजून चकचकीत होता. पुढे एक चाक, मागे दोन, मध्ये उभी चौकट आणि लेकराने धरायची आडवी दांडी. ह्या दांडीला धरून तिचा कौतिक बरोब्बर अकरा दिवस चालला होता.

धाकटी जाऊ बेबाबाई पोराला कडेवर घेऊन दारात आली. तिचा छगन दहा महिन्यांचा झाला होता, भिंत धरून उभा राहू लागला होता. गाडा आजोळाहून येतो, असा सगळ्या गावाचा रिवाज. पण बेबाबाईला ना आई ना बाप. मामाने कसंबसं लग्न उरकून दिलं, तो आता गाडा कुठून पाठवणार? तिचा नवरा तोताराम नरडाण्याच्या स्टेशनावर हमाल होता, तो आठवड्याला एकदा घरी यायचा. तेव्हा धुरपदाबाईनेच तोड काढली होती. घरात गाडा पडलेला असताना नवा कशाला?

"पहिले मिस्तरीले दखाडा," मंजुळाबाई म्हणाली. "मंग पोऱ्याले लावा."

"काय दखाडानं शे त्यामा? दूधनी तोंड पोळनं ते ताक फुकी ऱ्हायनी!" धुरपदाबाईने गाड्यावर पदराचा फटका मारला. "गाडा चांगला शे. गाडाना काय दोष? लेकरूवर नजर पाहिजे नजर."

हे वाक्य मंजुळाबाईला पाठ झालं होतं. नजर पाहिजे. चार वर्षांत ते तिने पाणवठ्यावर ऐकलं, कापूस वेचताना शेजारच्या ओळीतून ऐकलं, लग्नाच्या पंगतीत ऐकलं. पहिली निवडणूक झाली त्या साली कौतिक जन्मला आणि पुढच्या उन्हाळ्यात गेला. ती भाकऱ्या थापत होती, पोरगं गाडा ढकलत स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून आत येत होतं, आणि गाडा लवंडला. आपला आपण लवंडला. पोराचं डोकं पाट्याच्या कोपऱ्यावर आपटलं. बैलगाडी जुंपून धुळ्याला निघाले, पण सोनगीरच्या अलीकडेच तिच्या मांडीवर ते गार पडलं. गाडा आपला आपण लवंडला, असं तिने ज्याला त्याला सांगितलं. पालथ्या घड्यावर पाणी. तेव्हापासून भावकीतली एकही बाई तिच्या हातात लेकरू देत नव्हती. बेबाबाईसुद्धा विहिरीवर जाताना छगनला शेजारच्या म्हातारीकडे ठेवायची. म्हातारीला धड दिसत नव्हतं, तरी तिच्याकडे.

एकच माणूस तिला कधी काही बोलला नव्हता. तिचा नवरा शालिग्राम. त्या दिवशीही नाही, दहाव्यालाही नाही, नंतरही कधी नाही. गल्लीतल्या बाया म्हणायच्या, "दुसरा ऱ्हाता ते हाडे मोडता तुन्हा. देव शे तुन्हा नवरा." मंजुळाबाईलाही तेच वाटायचं. आख्ख्या गावाचं बोलणं एका पारड्यात आणि त्याचं न बोलणं दुसऱ्या पारड्यात, असा जमाखर्च करून ती जगत होती. त्याच्या ताटात ती तुपाची धार जास्त सोडायची. दुसरं मूल काही राहिलं नाही, त्यावरही तो बोलला नाही.

मंजुळाबाईने हट्ट सोडला नाही, आणि बेबाबाईने कधी नव्हे ते तोंड उघडलं. "दाखवून घेऊ ना, आत्याबाई. काय बिघडतं?" ती जळगावकडची, तिची बोली निराळी. धुरपदाबाईने दोघींकडे आळीपाळीने पाहिलं आणि झुलाल मिस्तरीला निरोप धाडला.

झुलाल मिस्तरी दुपार कलल्यावर आला. साठीचा, बारीक अंगाचा, कानावर पेन्सिल. शालिग्राम नुकताच शेतातून येऊन खांबाला टेकून बसला होता. मिस्तरीने त्याला रामराम केला, पाणी प्यायला आणि म्हणाला,

"ज्वारी आना. नि पोऱ्या आना."

त्याची ही रीत पंचक्रोशीला ठाऊक होती. कुठलाही पांगुळगाडा, त्याने घडवलेला असो की दुसऱ्याने, आधी ज्वारी चालवायची आणि मग लेकरू. त्याने छगनला एका हातावर घेतलं, दुसऱ्या हातावर ज्वारीची पिशवी तोलली. "आखो दोन मूठ," म्हणाला. मंजुळाबाईने दोन मुठी घातल्या. हात समतोल झाले तसं त्याने पोर बेबाबाईकडे दिलं आणि पिशवी गाड्याच्या दांडीला करकचून बांधली.

"लेकरू गाडा ढकलत नही," तो गाठ आवळत म्हणाला, "लेकरू दांडीले लोंबकळस. मोठा मानसेस्ले हाईच समजत नही."

त्याने गाडा ओसरीवर सरळ ढकलला. गेला. वळवला. वळला. धुरपदाबाई म्हणाली, "देखा! मी काय सांगी ऱ्हायंतू?" गाडा चांगला निघाला तर? तर मग गावाचंच खरं. मग मरेपर्यंत तोंड वर काढायला नको.

"आते उंबरा," मिस्तरी म्हणाला.

सगळे स्वयंपाकघराच्या दाराशी आले. मिस्तरी खाली बसला आणि त्याने गाडा उंबऱ्यावर नेला. मागचं डावं चाक उंबऱ्यावर चढलं. उजवं खालीच राहिलं. आणि ज्वारीची पिशवी घेऊन गाडा आडवा झाला, धाडकन. दाराच्या आतल्या बाजूला ज्वारी सांडली.

मिस्तरीने गाडा उभा केला, पुन्हा नेला. पुन्हा आडवा. तिसऱ्यांदा त्याने तो सावकाश, अगदी लेकराच्या चालीने नेला. तिसऱ्यांदाही त्याच कुशीवर.

मंजुळाबाई उंबऱ्याशी खाली बसली. रडू येईल असं तिला वाटलं होतं, पण आलं नाही. आता कोणीतरी काहीतरी म्हणेल. सासू म्हणेल, नाहीतर जाऊ तरी. फार नको, एवढंच की, मंजुळा, तू खरं सांगत होतीस. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली.

"बरं व्हयनं व माय!" धुरपदाबाईने छगनच्या डोक्यावरून हात फिरवून बोटं आपल्या कानशिलावर मोडली. "देव पावना. येळवर कळनं."

मंजुळाबाईच्या मनात आलं, कोणाला वेळेवर कळलं, माय?

मिस्तरीचं ह्या बोलण्याकडे लक्ष नव्हतं. त्याने गाडा उलटा केला होता. मागच्या दोन चाकांमधला लाकडी आस तो बोटांनी चाचपत होता.

"बनाडनारा शहाना मानूस व्हता," तो म्हणाला. "कुठला शे हाऊ गाडा?"

"मन्हा माहेरना," मंजुळाबाई म्हणाली. "मन्हा बापनी करी लिधा व्हता."

"लाकूड सागनं. जोड असा का नख नही जाणार. मंग असा मानूस आस इतला आखूड कसा ठेवी?" त्याने डोळे बारीक केले आणि एक चाक ओढून काढलं. आसाचं टोक उघडं पडलं. सगळ्या गाड्याला लाख होती, ह्या टोकाला नव्हती. करवतीचे दात लाकडावर स्पष्ट उमटले होते, तिरपे, नवशिक्या हाताचे. त्याने दुसरं चाक काढलं. तिथेही तेच. "हाऊ आस कापेल शे. दोन्हीकडथाईन चार-चार बोटे. रुंदी गयी ते तोल गया. कोनी कापा हाऊ?"

आता मंजुळाबाईला ते दार दिसलं. म्हणजे रोजच दिसायचं, पण आज दिसलं. गाडा माहेराहून आला तेव्हा ह्या दारातून जात नव्हता, चाकं चौकटीला अडायची. पोरगं ओसरीत एकटं आणि ती आत चुलीशी, जीव टांगणीला लागायचा. तिने रात्री शालिग्रामला म्हटलं होतं, चौकट थोडी तासून घ्या, गाडा आत आला की पोरगं माझ्या डोळ्यांपुढे राहील. तो हो म्हणाला होता. ती दोन दिवस कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उपटायला गेली, आणि परत आली तेव्हा रिकामा गाडा सुरळीत आत जात होता. "जाई ऱ्हायना ना आते?" त्याने विचारलं होतं. तिला इतकं बरं वाटलं होतं की चौकटीकडे बघायचं तिला सुचलंच नाही.

आज तिने पाहिलं. चौकट होती तशीच होती. सासऱ्याच्या बापाने बसवलेली, कोपऱ्यांवर वेल कोरलेली. कुठेही तासायच्या वाकसाचा घाव नव्हता.

"कोनी कापा?" मिस्तरीने सहज म्हणून पुन्हा विचारलं. कारागिराला कारागिराचं काम बिघडवणाऱ्याचा राग येतो, तेवढाच राग त्याच्या आवाजात होता.

मंजुळाबाईने नवऱ्याकडे पाहिलं. शालिग्राम जमिनीवर सांडलेल्या ज्वारीकडे बघत होता. चार वर्षं तो असाच खाली बघत होता. जेवताना, शेतात, तिच्या बापाच्या दारात. ती त्याला माया समजली होती. मेली, किती वेडी!

"गाडा उना तवयपासून असाच शे," शालिग्राम म्हणाला.

मिस्तरीने मान हलवली. त्याला पटलं नव्हतं, पण दुसऱ्याच्या घरात तो काय बोलणार? तो चाकं परत बसवू लागला. तेवढ्यावर ते मिटलं असतं. पण सगळे गप्प होते, आणि ते गप्प राहणं शालिग्रामला सोसलं नाही. त्याने घसा साफ केला.

"गाडा कसाबी ऱ्हावो," तो म्हणाला. "लेकरूकडे ध्यान ठेवाले पाहिजे व्हतं."

एवढे दिवस सारं गाव म्हणालं होतं. तो तेवढा राहिला होता.

मंजुळाबाई उठली. सासूसमोर नवऱ्याशी थेट बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"दार तासा, असं सांगेल व्हतं मी तुमले," ती म्हणाली. "दार. गाडा नही."

धुरपदाबाईने चौकटीकडे पाहिलं, मग मुलाकडे, आणि मग उगाचच खाली बसून ज्वारी गोळा करू लागली. तिच्या मुठीतून दाणे गळत होते. शालिग्राम उठला. वहाणा न घालताच पायऱ्या उतरला आणि गल्लीतून निघून गेला. मिस्तरीने आपली हत्यारांची पिशवी उचलली आणि "येतू माय" असं पुटपुटत तोही गेला.

बेबाबाई बराच वेळ दारात उभी होती. तिचे डोळे भरून आले होते. ती पुढे झाली आणि सासूला न विचारता, कोणाकडे न बघता, तिने छगनला मंजुळाबाईपुढे धरलं.

"घ्या, अक्का. आजपासून हा तुमच्याकडेच राहील. धरा ना."

पोराने दोन्ही हात पुढे केले. मंजुळाबाईने त्याच्याकडे पाहिलं. चार वर्षं ह्याच एका गोष्टीसाठी तिचा जीव तुटत होता. तिने आपले हात वर केले आणि त्यांच्याकडे बघितलं. कोपरापासून बोटांपर्यंत ते थरथर कापत होते, थांबवले तरी थांबत नव्हते. तिने ते पदराखाली घेतले.

"आज नको, बेबा," ती म्हणाली. "आज मन्हा हातथाईन खरंच पडी जाई."