होडीची राख

अरे, थांब ना, जाऊ नकोस. आज सकाळी आमच्या परसात काय झालं ते ऐक आधी. मी कढीपत्ता बोलतोय. आता डहाणूजवळच्या मसोली गावचा, पण मूळचा पक्का बोरिवलीचा हं! तिसऱ्या मजल्यावरच्या ग्रिलमध्ये, आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात जन्मलो. खाली रिक्षांची कटकट, समोर कुणाची तरी वाळत घातलेली चादर, एवढंच माझं जग.

मग भाविकाचं लग्न ठरलं डहाणूच्या पियुषशी. माहेरून निघताना तिने बाकी सामान गाडीच्या मागे टाकलं आणि मला मांडीवर घेतलं.

इथे आलो तर काय, समोर बांबूंच्या वलांडीवर बोंबील लटकलेले! वासाने माझी पानंच मिटायची वेळ आली. भाविकाची सासू चंद्रावती कमरेवर हात ठेवून मला बघत होती. म्हणाली, "हा मुंबईकर बोंबलाच्या वाऱ्यात टिकतोय होय? दोन दिवसांत परत जातो म्हणेल." पण खड्डा तिनेच खणला. वांगी-मिरचीच्या शेजारी, उन्हाची बाजू बघून.

तुला सांगतो, ग्रिलमध्ये असताना मला शत्रू म्हणजे काय ते माहीतच नव्हतं. इथे पहिल्याच मोसमात अळ्या आल्या. आधी पक्ष्याची घाण पडल्यासारख्या दिसतात, म्हणून कुणी लक्ष देत नाही. मग हिरव्यागार होतात आणि कोवळी पालवी सगळी फस्त. वर वांग्यावर मावा. पियुषने औषधाची बाटली आणली. चंद्रावतीने ती त्याच्याच हातात परत दिली. हा पाला तोडला की थेट कालवणात जातो, त्यावर विष मारायचं नाही, असं तिने सांगून टाकलं. भाविकाचंही तेच मत. सासू-सुनेचं एकमत झालेलं बघून पियुष बिचारा बाटली दुकानात परत करून आला.

मग रोज सकाळी भाविका पानं उलटून बघायची, अळ्या वेचायची. चंद्रावती न्हाणीच्या चुलीतली राख चाळून आमच्यावर भुरभुरायची. राखेने मावा हटला, अळ्याही कमी झाल्या. मी चांगला कमरेइतका वाढलो. ती जाता-येता म्हणायची, "काय मुंबईकर, अंगाला लागलं ना गावचं?"

आणि मग नारूबाबा गेले. पियुषचे वडील, चंद्रावतीचा नवरा. छातीत कळ आली आणि दवाखान्यापर्यंतही पोचले नाहीत.

त्यांची होडी किनाऱ्यावर तशीच राहिली. लाकूड किड्याने पोखरलेलं, घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी तोडायचं ठरलं. लोक फळ्या मागायला आले, तेव्हा चंद्रावतीने कुणाला एक फळीही दिली नाही. दुसऱ्याच्या दारात जळण म्हणून जाण्यापेक्षा माझ्याच चुलीत जाऊ दे, म्हणाली. फळ्या आमच्या मागे भिंतीला रचल्या गेल्या. रोज एक तुकडा घ्यायची, तो कपाळाला टेकवायची, मग चुलीत सरकवायची. आणि राख? राख आम्हाला. पूर्वीपेक्षा बारीक चाळून, एकेका पानावर. "त्यांनी आयुष्यभर घर पोसलं," ती वांग्याला सांगायची, "आता तुम्हाला जपतायत."

थोड्याच दिवसांत माझ्या पानांच्या कडा करपल्या. मिरची गळायला लागली. चंद्रावतीला वाटलं, कीड परत आली. तिने राख वाढवली. पानं अजून करपली. तिने अजून वाढवली. मला ओरडून सांगायचं होतं रे, पण आमचं ओरडणं म्हणजे पान गाळणं. आणि मी पान गाळलं की ती जास्तच राख आणायची.

भाविका पानं उलटून उलटून बघायची. अळी नाही, मावा नाही, काहीच नाही. एकदा फोडणीला डहाळी तोडली, बोटाला राख लागली आणि तिने सहज ते बोट चाटलं. तशीच उभी राहिली. मग दुसरं पान चाटून बघितलं. खारट! वर्षानुवर्षं समुद्र प्यायलेलं लाकूड ते, राख दुसरी कशी असणार?

तिने भिंतीकडे बघितलं. अजून केवढा ढीग होता.

पियुष म्हणाला, आईला सरळ सांग. ती म्हणाली, "काय सांगू? बाबांच्या होडीने झाडं मरतायत, असं?"

मग तिने एक उद्योग सुरू केला. संध्याकाळी सासू राख टाकायची, सकाळी ती देवपूजेला बसली की भाविका मगाने आमची पानं धुवायची. मुळाशी मीठ जाऊ नये म्हणून खाली परात धरायची. ते पाणी मागच्या गटारात. मला जरा बरं वाटू लागलं. चंद्रावती खूश! राख लागू पडली म्हणून शेजारणींना सांगत सुटली.

आणि आज सकाळी पूजा लवकर आटपली. ती चाळण घेऊन मागे आली, तर भाविका परात घेऊन उभी.

"काय धुतेस गं?"

भाविकाच्या तोंडून कसंबसं निघालं, "आई, राख खारी आहे. त्याने जळतायत."

चंद्रावतीने चाळणीत बोट बुडवून जिभेला लावलं. म्हणाली, "खारीच असणार." मग परातीतलं करडं पाणी बघत विचारलं, "आणि हे कुठे टाकतेस रोज?"

भाविकाने मान खाली घातली. पण गटाराच्या कडेला राखेचा थर साचला होता, तो दिसतच होता.

चंद्रावती रागावली नाही रे. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने चाळण परातीत ठेवली, परात सुनेच्या हातातून काढून घेतली आणि पाणी सांडू न देता सावकाश किनाऱ्याच्या वाटेने चालायला लागली. भाविका मागे धावली, तर म्हणाली, "तू नको येऊस."

ती अजून आली नाहीये. भाविका इथे माझ्याजवळच बसलीये, हातात पाण्याचा मग तसाच. मी जगेन, खालून कोवळा फुटवा आलाय. पण तो बघायचीही तिला इच्छा नाही.

तू तरी सांग मित्रा. तिच्या जागी तू असतास, तर पहिल्याच दिवशी सांगितलं असतंस का?