लांब झोत, रुंद उजेड

टकर्स कोव्ह या लहानशा खाडीच्या धक्क्यावर दर शनिवारी मर्ल आणि हॉलिस आपापले टॉर्च घेऊन उभे राहिले, की समोरच्या तीरावरचा एलरी स्वयंपाकघराचा पडदा ओढून घ्यायचा. मर्लच्या टॉर्चचा झोत पाण्यावरून हजार पावलं सरळ जाऊन एलरीच्या सूपच्या वाडग्यात उतरायचा. एलरीने एकदा येऊन तक्रार केली, तेव्हा मर्लने त्याचे मनापासून आभार मानले आणि वाडग्याचा रंग विचारून घेतला.

हॉलिस दुसऱ्या पंथाचा. त्याच्या टॉर्चचा उजेड साठ पावलांपुढे जात नसे, पण त्या साठ पावलांत डाव्या कानापासून उजव्या कानापर्यंत सगळं लख्ख. धक्क्यावर पडलेला स्क्रू त्या उजेडात सापडायचा. स्क्रू कुणाचाच नसायचा, तरी सापडायचा.

"तुझा झोत कॅनडात पोचतो," हॉलिस म्हणायचा, "आणि तू पायाखालच्या दोरात अडकून पडतोस."

"आणि तुझ्या उजेडात सगळं दिसतं, लेका. जे शोधतोय तेवढं सोडून."

मर्ल निवृत्त लॉब्स्टरवाला, हॉलिस शाळेची बस चालवणारा. दोघांना बांधून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे व्हर्ना: मर्लची धाकटी बहीण आणि हॉलिसची बायको. तीस वर्षं दोन्ही बाजूंचं ऐकून तिने स्वतःचं मत बनवलं होतं आणि ते कुणालाही सांगितलं नव्हतं. तिचाही एक टॉर्च होता, लहानसा, कोटाच्या खिशात मावणारा. त्याची देखभाल मात्र हॉलिसकडे. दर रविवारी तो उघडायचा, पुसायचा, बॅटरी मोजायचा. नवरे लोक बायकोची गाडी धुतात, हा तिचा टॉर्च धुवायचा.

व्हर्ना ओहोटीला रॅम बेटाच्या वाटेवर समुद्री गोगलगाई वेचायची. ही वाट म्हणजे गोट्यांचा एक उंचवटा, बेटाच्या बाजूला दोन फाटे फुटलेला. ओहोटी लागली की पाण्यातून वर येतो, भरती आली की बुडतो. किनाऱ्याजवळ त्या वाटेत एक खोलगट खाच आहे, आणि भरतीचं पाणी दोन्ही बाजूंनी येऊन सगळ्यात आधी तिथे भेटतं. आमच्याकडे पाणी वीस फूट चढतं. एकदा खाच भरली, की पलीकडच्या माणसाने फक्त थंडीचा विचार करायचा, आणि तोही फार वेळ करावा लागत नाही.

नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी व्हर्ना अडीचला निघाली. सव्वातीनला पाणी सगळ्यात खाली होतं. पावणेचारला धुकं आलं. चारला सूर्य मावळला, असं पंचांगात लिहिलं होतं. पाहिलं कुणी नाही. साडेचारला हॉलिस धक्क्याच्या उतारावर आला आणि त्याला उतारावर फक्त मी दिसलो, माझी बोट तरंगायची वाट बघत बसलेला.

"व्हर्ना?"

"नाही आली अजून," मी म्हणालो.

तिचा पिकअप उभा होता. फोन पिकअपमध्येच, कारण आधीचे दोन फोन खाऱ्या पाण्यात गेले होते आणि तिसरा तिने शहाणपणाने कोरडा ठेवला होता. आमच्या सगळ्या बोटी चिखलात कलंडलेल्या. तटरक्षकांना मी फोन केला. ते म्हणाले, निघतो, पण धुक्यात तास तरी लागेल. खाच भरायला तासापेक्षा कमी वेळ होता.

मर्ल धावत आला. धावताना त्याचा झोत आभाळात गेला, गोदामावर गेला, पुन्हा आभाळात गेला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "तिच्याकडे टॉर्च आहे. ती दाखवेल, आपण बघू."

हॉलिसने स्वतःच्या टॉर्चच्या मागच्या टोपीवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "लागणार नाही तिचा टॉर्च."

"म्हणजे?"

"मागची टोपी पाव फेरा सैल करून ठेवलीय मी. रविवारी."

टॉर्चवाल्या लोकांची ही सवय मला त्यांच्यामुळेच माहीत झाली. खिशात चुकून बटण दाबलं जाऊन बॅटरी संपू नये म्हणून मागची टोपी किंचित सैल करायची. मग कितीही दाबा, टॉर्च लागत नाही. जाणत्याने टोपी आवळली की झालं. न जाणत्याला वाटतं, टॉर्च मेला. हॉलिस दर वेळी सोमवारी सकाळी, व्हर्नाचं आठवड्याचं वेचणं सुरू व्हायच्या आधी, टोपी पुन्हा आवळायचा. या सोमवारी शाळेच्या बसचं चाक पंक्चर होतं.

"तिला सांगितलं होतंस?"

"नाही."

तीस वर्षांत हॉलिसने काही चुकीचं केलं आणि मर्लने त्यावर टोमणा मारला नाही, असं पहिल्यांदाच घडलं. मला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मी कड्यावर जातो," मर्ल म्हणाला. "वरून झोत टाकतो. कुठेही असेल तरी दिसेल."

"मी किनाऱ्याने," हॉलिस म्हणाला. "काठाकाठाने बघतो. पडली असेल तर..." आणि तो निघाला.

मी उतारावर उभा राहून हाका मारत होतो. हाक कड्यावर आपटून परत यायची आणि दोन्हीकडून ऐकू यायची, त्यामुळे माझ्या हाकेने ती कुठे जाईल याचाही भरवसा नव्हता. थोड्या वेळाने मी हाका बंद केल्या. पिकअपचा भोंगाही वाजवून पाहिला. तोही दोन ठिकाणांहून वाजला.

कड्यावरून मर्लचा झोत निघत होता. एरवी एलरीचं सूप गाठणारा तो झोत धुक्यात शिरून पांढऱ्या काठीसारखा झाला होता. काठी डावीकडे जायची, उजवीकडे जायची आणि कशालाच टेकायची नाही. हॉलिसची अवस्था याच्या उलट. त्याने टॉर्च लावला की हाताच्या अंतरावर पांढरी भिंत उभी राहायची. त्या भिंतीच्या अलीकडे त्याचे स्वतःचे बूट अप्रतिम दिसत होते. तो दहा पावलं जायचा, थांबायचा, दहा पावलं परत यायचा, पाण्याकडे वळायचा, टॉर्च वर करायचा. मला लांबून दोन उजेड दिसत होते, एक उंचावर, एक खाली, आणि दोन्ही क्षणभरही एका जागी नव्हते.

पाच वाजायला दहा मिनिटं होती तेव्हा भोंगा ऐकून आल्मीडाबाईंची गाडी आली. आल्मीडा ब्याऐंशी वर्षांची. गाडी चष्म्याशिवाय चालवते, कारण चष्मा लावला की लोक रस्त्यात उभे असलेले दिसतात आणि तिला राग येतो. तिने काच खाली केली.

"दिवा कुठाय?"

"दोन आहेत, बाई," मी म्हणालो. "तो वर मर्ल, आणि तो तिकडे हॉलिस."

"फिरणारे दोन आहेत. ते मलासुद्धा दिसतायत. मी दिवा विचारतेय."

मला समजलं नाही, हे माझ्या तोंडावर दिसलं असणार. ती गाडीतून उतरली. "व्हर्ना बारा वर्षांची असल्यापासून माझ्याबरोबर त्या वाटेवर वेचायची. मीच शिकवलंय तिला. धुकं आलं की काय करायचं? उंच दगड गाठायचा, उभं राहायचं, आणि न हलणारा दिवा दिसेपर्यंत पाय उचलायचा नाही. न हलणारा दिवा म्हणजे उतार. हलणारा दिवा म्हणजे एखादी बोट, नाहीतर तुझ्यासारखाच वाट चुकलेला एखादा गाढव. त्याच्या मागे जायचं नाही."

"पण त्या वाटेला पलीकडे फाटा आहे ना?"

"म्हणून तर. दिवा नसला तर कुठला फाटा घरी येतो आणि कुठला खोल पाण्यात जातो, हे मलाही कळणार नाही. ती उभी आहे तिथे. तुम्ही कधी थांबताय याची वाट बघतेय."

मी जन्मात धावलो नव्हतो तेवढा धावलो. हॉलिस लगेच आला. मर्ल कड्यावरून उतरायला तयार नव्हता. त्याच्या बाजूने बघितलं तर त्याचं बरोबरच होतं.

"मी थांबलो तर तिला शोधणार कोण?"

"तीच शोधेल," आल्मीडा खालून ओरडली. "तू खाली ये आणि टॉर्च ठेव."

तो आला. धावत उतरलेल्या माणसाच्या हातातला झोत हजार पावलांवर एका घराएवढा हलतो. आल्मीडाने लॉब्स्टरच्या आमिषाच्या पिंपाकडे बोट दाखवलं. "यावर."

"कुणाचा?" दोघांनी एकदमच विचारलं.

ती दोघांकडे बघत राहिली.

"माझा लांब जातो," मर्ल हळू म्हणाला. "पण नेम चुकला तर तिला काहीच दिसायचं नाही. ती बाजूला असली तर..."

"माझा पसरतो," हॉलिस म्हणाला. "पण तिथवर पोचेल की नाही, मला नाही माहीत, मर्ल. खरंच नाही माहीत."

दोघांनी स्वतःच्या टॉर्चची वाईट बाजू स्वतःहून सांगितली, हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. आल्मीडाने दोन्ही टॉर्च पिंपाच्या झाकणावर शेजारी शेजारी ठेवले, मर्लचा बरोबर वाटेच्या रोखाने, आणि मागे दगड लावले. "आता हात खिशात. सगळ्यांनी."

पाच वाजून पाच मिनिटं झाली होती.

माणसाला शोधणं सोपं. त्यात हातपाय हलतात, काहीतरी चाललंय असं वाटतं. पिंपावरच्या उजेडाकडे बघत उभं राहणं मात्र फार कठीण. मर्लचा उजवा हात दोनदा खिशातून निघाला. दुसऱ्या वेळी त्याची बोटं झोताला जेमतेम केसभर सरकवणार, तेवढ्यात आल्मीडाने त्याच्या मनगटावर चापट मारली, शाळेत मारतात तशी. त्याने हात परत खिशात घातला.

खाचेत पाणी भेटल्याचा आवाज आला. आवाज फारसा नसतो. गोटे एकमेकांवर घासतात, एवढंच.

"मी जातो," हॉलिस म्हणाला.

"टॉर्च इथेच राहील," आल्मीडा म्हणाली.

"टॉर्च नकोच आहे मला."

त्याने कमरेला दोर बांधला. दुसरं टोक मी धरलं. तो अंधारात शिरला आणि मला फक्त दोर कळत राहिला. दोर सरकला, थांबला, सरकला, आणि मग थांबूनच राहिला. तो खाचेच्या अलीकडच्या काठावर उभा होता. पाणी मांडीपर्यंत आलंय, हे त्याने ओरडून सांगितलं नाही. दोराचा ओढा वाढत गेला, त्यावरून मी समजलो.

पाच वाजून वीस. मर्ल तोंडातल्या तोंडात काहीतरी मोजत होता. काय मोजतोस, असं मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याचं चुकलं असतं.

मग दोराला दोन झटके बसले.

"ओढ," मर्ल म्हणाला, आणि आम्ही दोघांनी ओढलं. आधी हॉलिस दिसला, छातीपर्यंत भिजलेला. त्याच्या खांद्याला धरून व्हर्ना. तिच्या दुसऱ्या हातात जाळीची पिशवी होती, गोगलगाईंनी अर्धी भरलेली. ती सोडायचं तिच्या डोक्यात आलं नव्हतं, की आलं होतं आणि तिने नाकारलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

आल्मीडाने तिच्या अंगावर स्वतःचा कोट टाकला; ती सापडल्याचं मी तटरक्षकांना फोनवर कळवलं. व्हर्नाचे दात वाजत होते. तिने खिशातून टॉर्च काढून हॉलिसपुढे धरला.

"हा मेला तुझा. बटण दाबून दाबून अंगठा सुजला माझा."

"मेला नाही," हॉलिस म्हणाला. तो थरथरत होता, त्यामुळे शब्द तुटत होते, तरी त्याने एकही गाळला नाही. "मी मागची टोपी सैल ठेवली होती. रविवारी. तुला सांगायला विसरलो."

व्हर्नाने टॉर्च उलटा करून बघितला. टोपी आवळली. टॉर्च लागला. तिने तो विझवला आणि स्वतःच्या खिशात ठेवला.

"आणि ते दोन दिवे कोण नाचवत होतं? एक वर, एक खाली?"

"आम्हीच," मर्ल म्हणाला.

"अच्छा." तिने कोट अंगाभोवती घट्ट ओढला. "आल्मीडाने शिकवलं होतं मला, हलत्या दिव्यामागे जायचं नाही. तरी गेले. थंडी फार होती, म्हटलं, मर्लच असेल. वरच्या दिव्याच्या रोखाने निघाले आणि पाणी कमरेला लागलं. मग परत फिरून दगडावर उभी राहिले."

मर्लने काहीतरी म्हणायला तोंड उघडलं.

"बोलू नकोस," व्हर्ना म्हणाली. "उद्या बोल. आज माझ्याच्याने ऐकवणार नाही."

ती पिकअपकडे निघाली. हॉलिसने सवयीने पिंपावरचा आपला टॉर्च उचलून तिच्या पायांपुढे धरला. मर्लनेही आपला उचलला आणि रस्त्यावर लांबवर झोत टाकला.

"दोन्ही बंद करा," ती म्हणाली. "अंधारात डोळे छान रुळलेत माझे. तुमच्यामुळे काही दिसत नाही."

त्यांनी बंद केले. हॉलिसने तिचा हात धरला, की तिने त्याचा, हे अंधारात कळलं नाही. मर्ल दोन पावलं मागून चालत होता, हात खिशात घालून. मध्ये एकदा तो कशाला तरी अडखळला आणि सावरला.

"डावीकडून ये," पुढून व्हर्नाचा आवाज आला. "तिथे दोर पडलाय."