कोलशेतला परत करायचा डबा

गाडी सर्व्हिसिंगला कुठे द्यायची, यावरून दामल्यांच्या घरात आठवडाभर धुसफूस चालली होती. आता हा काय वाद घालायचा विषय आहे? गाडी म्हणजे काही उपवर मुलगी नव्हे, चार ठिकाणी चौकशी करून द्यायला. पैशांचाही प्रश्न नव्हता. नीलने गाडी घेतानाच पाच वर्षांच्या देखभालीचे पैसे आगाऊ भरून टाकले होते. कंपनीच्या कुठल्याही वर्कशॉपला न्या, ऑइल बदला, फिल्टर बदला आणि धुऊनपुसून घरी आणा. त्यातली शेवटची सर्व्हिस उरली होती आणि तिची मुदत या शनिवारी संपत होती.

"आई, शीळ रोडला नवीन वर्कशॉप झालंय," नील म्हणाला. "कोपरचा पूल ओलांडला की आलंच. अगं, ते लोक घरून गाडी घेऊन जातात, परत आणून देतात. मी स्लॉट पण बघून ठेवलाय."

"कोलशेतलाच न्यायची," सरोजताई म्हणाल्या.

"पण का? ठाण्यात जाऊन यायचं म्हणजे अख्खी सकाळ जाते. दुपारी मला मीटिंग आहे."

"मी सांगते म्हणून."

यावर बाळ दामले, म्हणजे सरोजताईंचे यजमान, वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "काही गरज नाही कोलशेतची." आणि पान उलटलं. त्या पान उलटण्यात जे काही होतं ते सरोजताईंना बरोबर कळलं. संसार मुरला की कागदाचा आवाजही ओळखू येतो.

खरं कारण स्वयंपाकघरातल्या वरच्या फळीवर होतं. स्टीलचा छोटा, घट्ट झाकणाचा डबा. झाकणावर बारीक अक्षरांत कोरलेलं, 'चि. विनितास – आई'. हा डबा दामल्यांचा नव्हता. तो वर्षभर त्या घरात पडून होता आणि रोज सकाळी चहाचा डबा काढताना सरोजताईंच्या हाताला लागत होता.

त्याचं झालं होतं असं. मागच्या वर्षी गाडी कोलशेतला दिली तो दिवस नेमका अंगारकीचा होता. बाळ दामले निवृत्त मुख्याध्यापक. मधुमेह जुना आणि हट्ट त्याहून जुना. डॉक्टरांनी उपास बंद करायला सांगितले होते, पण अंगारकीपुढे डॉक्टरांना कोण विचारतो? गोळी मात्र त्यांनी वेळेवर घेतली. शिस्तीचा माणूस ना! पोटात अन्नाचा कण नाही आणि वर साखर उतरवायची गोळी. नील तेव्हा ऑफिसच्या कामाला बंगळुरूला गेला होता, म्हणून गाडी स्वतःच चालवत नेली. रस्त्यात काही झालं नाही, हे नशीब.

वर्कशॉपच्या गारेगार खोलीत बसल्यावर त्यांच्या कपाळावर घाम फुटला. सरोजताईंनी विचारलं, "अहो, बरं वाटत नाही का?" तर ते म्हणाले, "घंटा का नाही झाली अजून?" आणि मान एका बाजूला कलली. सरोजताईंची पर्स नेमकी बदललेली, खडीसाखरेची पुडी दुसऱ्या पर्समध्ये. त्या नुसत्याच ओरडल्या. खोलीत बसलेले लोक उभे राहिले आणि उभेच राहिले.

धावत आली ती काउंटरमागची एक मुलगी. कंपनीचा निळा शर्ट, केस घट्ट बांधलेले. तिने कॉफीच्या मशीनजवळच्या साखरेच्या पुड्या फोडल्या, पाण्यात ढवळल्या आणि पेला त्यांच्या ओठांना लावला. बाळ दामल्यांनी ओठ मिटून घेतले. तशा अवस्थेतही म्हणाले, "आज अंगारकी आहे."

"उपासाला साखर चालते काका. बाप्पाला मी सांगते, तुम्ही तोंड उघडा."

त्यांनी तोंड उघडलं. कुठल्याही इन्स्पेक्टरला न जुमानलेल्या माणसाने त्या पोरीचं ऐकलं. मग ते जरा भानावर आल्यावर तिने आपला डबा आणला आणि चमच्याचमच्याने त्यांना साबुदाण्याची खिचडी भरवली. वर्कशॉपची गाडी काढून त्यांना हॉस्पिटलला पाठवताना उरलेल्या खिचडीसकट डबा सरोजताईंच्या पिशवीत कोंबला. "वाटेत परत तसं झालं तर द्या मावशी."

संध्याकाळी हॉस्पिटलच्या खुर्चीत बसल्यावर सरोजताईंनी तो डबा पहिल्यांदा नीट बघितला. नाव वाचलं. आणि तेव्हा कुठे त्यांच्या डोक्यात उजेड पडला. अंगारकीच्या दिवशी साबुदाण्याची खिचडी घेऊन कामावर कोण येतं? जिला उपास आहे ती. म्हणजे चंद्रोदयापर्यंत त्या मुलीचं जे काही खाणं होतं ते सगळं दामल्यांच्या पोटात गेलं होतं. ती पोर दिवसभर काउंटरला उभी राहिली असेल, नुसत्या पाण्यावर. सरोजताईंना तिथे खुर्चीतच रडू आलं.

मग परत द्यायचं राहूनच गेलं. तपासण्यांत हृदयात अडथळा निघाला, बाळ दामल्यांची अँजिओप्लास्टी झाली. ते उठून फिरायला लागले तेव्हा सरोजताईंचा गुडघा धरला. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता वर्ष सरलं. नील म्हणाला होता, कुरियर करूया. पण रिकामा डबा परत पाठवायचा नाही, हे सरोजताईंच्या हाडांत मुरलेलं. शेजारणीची वाटी परत करतानाही त्या चिमूटभर साखर घालत. जिने आपलं कुंकू राखलं तिचा डबा काय कुरियरवाल्याच्या पोत्यात टाकायचा?

"निदान फोन करून ती आहे का विचार," नील म्हणाला.

"अरे, कंपनीत फोन करून एखाद्या मुलीचं नाव घेतलं की त्यांना वाटतं, तक्रार आहे. उगाच तिला बोलावून झापतील."

हे मात्र नीलला पटलं. तो शीळ रोडचा स्लॉट सोडून कोलशेतचा घ्यायला तयार झाला. ही शेवटची सर्व्हिस. यानंतर गाडी कोपरच्या कोपऱ्यावरच्या ओळखीच्या गॅरेजला जाणार, हे घरात ठरलेलं होतं. मग कोलशेतला जायला कारणच उरणार नव्हतं, आणि कारण नसलं की आपलं जाणं होत नाही, हे सरोजताई स्वतःला चांगलं ओळखून होत्या.

शुक्रवारी सकाळी त्यांनी उकडीचे मोदक केले. त्या दिवशी चंद्रोदयाला त्या मुलीने ज्याची वाट बघितली असेल तेच तिला द्यायचं, असं त्यांच्या मनात होतं. डबा घासला, पुसला, मोदक रचले, वरून तूप सोडलं. बाळ दामले दारात येऊन बघून गेले. त्यांना त्या दिवसाचं फारसं काही आठवत नव्हतं आणि जे आठवत होतं ते त्यांना नको होतं. कुणी विचारलं की 'जरा चक्कर आली होती' एवढंच सांगायचे. परक्या मुलीच्या हातून चमच्याने भरवून घेतलं, चारचौघांत, हे त्यांना सोसत नव्हतं. म्हणून सरोजताईंनीही खिचडीची गोष्ट त्यांच्यापाशी कधी काढली नव्हती. तरी ते गाडीत मागे येऊन बसले. का, ते त्यांनी सांगितलं नाही.

माणकोलीच्या पुलावरून खाडी ओलांडून गाडी हायवेला लागली. डबा सरोजताईंच्या मांडीवर, फडक्यात गुंडाळलेला, कोमट. कोलशेतला पोचल्यावर नील जॉब कार्ड करायला गेला आणि सरोजताई थेट काउंटरवर.

"विनिता आहे का?"

समोरच्या सुपरवायझरचा चेहरा उतरला. "काय झालं मॅडम? काही कम्प्लेंट आहे का?"

"नाही हो! तिचा डबा द्यायचाय."

"डबा?" त्याने मोदकांच्या फडक्याकडे बघितलं आणि त्याच्या जिवात जीव आला. "विनिता मॅडम आता इथे नाहीत. ट्रान्सफर घेतली त्यांनी. आंबिवलीला राहतात ना, रोज इथवर यायचं म्हणजे हाल व्हायचे. आता शीळ रोडच्या नवीन वर्कशॉपला असतात."

नील हातातली किल्ली तशीच धरून उभा राहिला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार. सरोजताई मटकन बसल्या, त्याच खोलीत, बहुधा त्याच खुर्चीवर. कोपरचा पूल ओलांडला की आलंच! आठवडाभर घर डोक्यावर घेऊन त्या गाडीला बरोबर उलट्या दिशेला घेऊन आल्या होत्या.

"राहू दे आता," बाळ दामले शेजारी बसत म्हणाले. "आलोच आहोत तर गाडी इथेच देऊन टाकू. नीलची मीटिंग आहे. डबा काय, नंतर कधीतरी देता येईल."

हे 'नंतर कधीतरी' ऐकलं आणि सरोजताईंचा बांध फुटला.

"नंतर कधीतरी वर्षभर चाललंय! तुम्हाला चक्कर आली नव्हती. तुम्ही जात होता माझ्या हातातून. आणि ती खिचडी तुम्ही खाल्लीत ना, ती तिच्या उपासाची होती. तिलाही अंगारकी होती. स्वतःच्या तोंडचा घास काढून तुम्हाला भरवला तिने."

खोलीतल्या लोकांनी मोबाइलमधून माना वर केल्या. बाळ दामल्यांनी तरुणपणापासून संकष्टी धरली होती. दुपारी उन्हातून शाळेतून घरी आल्यावर ती वाटीभर खिचडी काय असते, ते त्यांना कुणी समजावून सांगायला नको होतं.

"मग तिने काय खाल्लं?" त्यांनी हळूच विचारलं.

"मला काय माहीत."

ते उठले. सदरा खाली ओढला. शाळेची घंटा झाल्यावर उठायचे तसे उठले. "नील, किल्ली दिलीस का? नको देऊस. गाडी शीळ रोडला घे."

"बाबा, माझी मीटिंग..."

"गाडीत बसून कर."

आणि नीलने खरंच कोपरच्या पुलाखाली गाडी बाजूला घेऊन, कानात इयरफोन घालून मीटिंग केली. मागे दोघं म्हातारे परीक्षेच्या वर्गातल्यासारखे चिडीचूप बसून होते. सरोजताई मधूनमधून डब्याला हात लावून बघत होत्या. मोदक निवत चालले होते.

शीळ रोडचं वर्कशॉप नवं कोरं होतं, रंगाचा वास अजून गेला नव्हता. विनिता काउंटरला होती. केस तसेच घट्ट बांधलेले. तिने मान वर करून नेहमीचं "गुड आफ्टरनून सर" म्हटलं, मग बाळ दामल्यांच्या चेहऱ्यावर तिची नजर अडकली. मग सरोजताईंवर गेली, मग डब्यावर.

"काका?" ती म्हणाली. "काका, तुम्ही..." काउंटरला वळसा घालून ती बाहेर आली आणि सरोजताईंचे दोन्ही हात डब्यासकट धरले.

"मावशी, मला वाटलं काका गेले."

"अगं!"

"मग काय वाटणार? दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. ड्रायव्हर तुमची गाडी वॉचमनकडे देऊन आला, घरचं कोणी भेटलंच नाही. मी रोज बघायचे, डबा येतो का. आई म्हणाली, चांगल्या घरची माणसं आहेत, डबा ठेवून घेणार नाहीत. काका बरे झाले की आणून देतील. मग महिना गेला, दोन महिने गेले. मी समजले. ज्या घरात असं झालंय तिथे डबा कोणाला आठवतो? तुमचा नंबर होता सिस्टिममध्ये. दोनदा काढला. पण फोन करून विचारू काय? काका आहेत का?"

वर्षभर सरोजताईंना वाटत होतं, आपल्या एकटीच्या जिवाला ही टोचणी आहे. इकडे ही पोर वर्षभर एका अनोळखी माणसाचं सुतक मनात धरून होती, तेही त्यांच्या चालढकलीमुळे. "चुकलं गं माझं," त्या म्हणाल्या. "फार चुकलं. तू होतीस म्हणून माझं घर उभं आहे. हे मला त्याच आठवड्यात येऊन सांगायला हवं होतं."

"असू दे मावशी. काका आहेत ना!" ती डोळे पुसत हसली. "बास झालं."

बाळ दामले इतका वेळ मागे उभे होते. ते पुढे आले. सरोजताईंच्या हातातून त्यांनी डबा घेतला, झाकण काढलं, एक मोदक उचलला. भर काउंटरवर, गाड्या घेऊन आलेल्या लोकांसमोर, त्यांनी तो विनिताच्या तोंडापाशी धरला.

"सर, मी ड्युटीवर आहे," ती संकोचून म्हणाली.

"कंपनीला मी सांगतो," बाळ दामले म्हणाले. "तू तोंड उघड."

तिने तोंड उघडलं. तूप तिच्या हनुवटीवर ओघळलं. सरोजताईंनी पदराने ते टिपलं, आपल्याच मुलीचं टिपावं तसं.

गाडी तयार होईपर्यंत मोदक सगळ्या काउंटरभर फिरले. निघताना विनिताने डबा धुऊन आणला आणि परत सरोजताईंच्या हातात ठेवला. आत काहीतरी खुळखुळलं. झाकण उघडून बघितलं तर कॉफीच्या मशीनजवळच्या साखरेच्या पुड्या.

"रिकामा कसा देऊ?" ती म्हणाली. "काकांच्या गाडीत राहू देत."

"अगं, पण डबा तुझा आहे. आईने दिलेला."

"तो तुमच्याकडून परत आला की काका बरे आहेत ते मला कळतं. पुढच्या सर्व्हिसला घेऊन या."

नील किल्ली घेत म्हणाला, "पुढची सर्व्हिस नाहीये. पॅकेज आज संपलं."

"मग हीच घरी येईल," बाळ दामले म्हणाले. "विनिता, येत्या संकष्टीला चंद्रोदयाला आमच्याकडे जेवायला यायचं. आईलाही आण. मला उपासाची परवानगी नाही, मी दुपारीच जेवून घेईन. तुझं पान मात्र मी वाढणार."

ती हो म्हणाली. परतीच्या वाटेवर बाळ दामल्यांनी डबा स्वतःच्या मांडीवर ठेवला होता, आणि कोपरचा पूल येईपर्यंत त्यांनी तो सरोजताईंना दिला नाही.