हुलीला मराठी येत नाही म्हणे!

मैसूरच्या देवराज मोहल्ल्यातल्या येसाजीरावांच्या टेलरिंगच्या दुकानात कन्नड ही बोलायची भाषा होती आणि मराठी ही लपवायची. गिऱ्हाईक समोर उभं असतानाच त्याच्याबद्दल जे काही बोलायचं ते खुशाल मराठीत बोलून टाकायचं, ही त्या घराची जुनी रीत. बन्नूरच्या बसनं आलेल्या बाईंच्या कमरेला टेप लावत येसाजीराव कन्नडमध्ये म्हणायचे, "छान, अगदी मागच्या वर्षीइतकीच आहे." आणि लगेच आत बसलेल्या बायकोला, पुष्पावतीला, मराठीत सांगायचे, "चार इंच वाढवून लिही गं, नाहीतर दिवाळीला शिवण फुटेल." बाई खूश, दुकान खूश. आपली मराठी इथं कुणाला कळते?

त्यांची पुतणी वर्षिणी याच रीतीत वाढली. शाळा सुटली की सायकल थेट दुकानाशी लावायची आणि कात्रणांच्या ढिगाशेजारी बसून गृहपाठ करायचा. यंदा ती दहावीत होती आणि सध्या भलतीच फॉर्मात होती. शाळेच्या गणित प्रदर्शनात तिनं पत्ते घेऊन संभाव्यता समजावली होती, सगळ्या शाळेसमोर, माईकवर, एकदाही न अडखळता! तेव्हापासून तिला वाटायला लागलं होतं की जगातली कुठलीही गोष्ट आपण कुणालाही समजावू शकतो.

पहिलं गिऱ्हाईक सापडलं ते काकाच. हूटगळ्ळीच्या वळणावर स्कूटर घसरून येसाजीरावांचा पाय प्लास्टरमध्ये गेला. मशीन चालवता येईना. माणूस बसून बसून कंटाळला आणि फोनवर पोकर खेळायला लागला. पैसे लावून खेळायला कायद्यानं बंदी आली होती, त्यामुळे हा खेळ फुकटच्या चिप्सवरचा होता. तरी काका असे खेळायचे की जणू चामुंडी टेकडीच पणाला लागली आहे.

"काका, प्रत्येक डाव खेळता होय तुम्ही?" वर्षिणीनं पहिल्याच दिवशी कपाळावर हात मारला होता. "हातात दोन पत्ते येतात ना, ते वाईट असले की लगेच टाकून द्यायचे. बहुतेक वेळा वाईटच असतात."

"टाकून द्यायचे? उद्या म्हणशील गिऱ्हाईक परत पाठवा."

"फाटकं कापड घेऊन आलं तर पाठवताच की! आणि आपली पाळी शेवटी असेल तेव्हाच जरा धाडस करायचं. आधी बाकीच्यांनी काय केलं ते बघायला मिळतं. आणि हरलात की ते परत मिळवायला म्हणून बसायचं नाही. फोन बंद, चहा चालू."

काका ऐकायचे. सुधारलेही. सगळ्यांना हरवायला लागले, एक हुली सोडून. हुली म्हणजे कन्नडमध्ये वाघ. टेबलावर त्याचं तेच नाव होतं. खेळता खेळता माईकवर गप्पा मारता यायच्या, आणि हुली कन्नडमध्ये असा गोड बोलायचा की काका त्याच्यावर फिदा. "गुरुगळे, पाय कसा आहे?" असं काकांना गुरुजी करून रोज आधी विचारायचा, मग हरवायचा. काकांकडे चांगले पत्ते आले की नेमका हा डाव सोडून देणार. काकांनी वाईट पत्त्यांवर थाप मारली की नेमका हाच अंगावर येणार.

"वाघच आहे तो," काका कौतुकानं म्हणायचे.

त्या संध्याकाळी वर्षिणी दुकानात शिरली तेव्हा काका-काकूंचं वाजलेलं होतं.

"अय्यो, गिऱ्हाइकांचे गळे आहेत ते! एकपण फोटो काढून टाकायची नाही मी," पुष्पावती फोन छातीशी धरून म्हणत होती.

"अगं, हजार ब्लाऊजचे गळे काय करायचेत? जागा नाही म्हणतोय फोन! वर्षू, तूच सांग हिला. हुलीनं आपल्या प्रायव्हेट क्लबात घेतलंय मला. त्यानं पाठवलेलं अ‍ॅप टाकायचंय, तर फोन म्हणतो जागा शिल्लक नाही."

वर्षिणीनं दप्तर खाली ठेवलं. "पाठवलेलं म्हणजे? स्टोअरमधून नाही?"

"लिंक आहे. दाबली की येतं."

"काका! लिंकवरून आलेलं अ‍ॅप कधी टाकायचं नसतं. ते टाकलं की तुमचा फोन त्याच्या हातात. स्क्रीन दिसणार, मेसेज दिसणार, सगळं!"

आणि दुकानाला फोन तो एकच होता. काकांचं पोकर त्यावर, काकूच्या ब्लाऊजचे गळे त्यावर आणि दुकानाचं बँक खातंही त्यावरच. त्या खात्यात सध्या एका शाळेच्या युनिफॉर्मचा अ‍ॅडव्हान्स येऊन पडला होता. कापड अजून घ्यायचं होतं. ते पैसे गेले असते तर कापड नाही, युनिफॉर्म नाही, आणि येसाजीरावांना मोहल्ल्यात मान वर करून चालता आलं नसतं.

"हुली तसला नाही गं," काका म्हणाले. "आपला मैसूरचाच आहे. साधा माणूस. मराठीचं अक्षर कळत नाही बिचाऱ्याला."

"तुम्हाला काय माहीत?"

"मीच विचारलं होतं. नाही म्हणाला."

वर्षिणीनं काकूच्या हातातल्या फोनकडे पाहिलं. कोपऱ्यात माईकची हिरवी खूण चमकत होती. खेळ मागे चालूच होता आणि माईकही! हुली तेवढा अजून टेबलावर आला नव्हता. तिच्या डोक्यात एकदम सगळे पत्ते उलगडले. प्रत्येक डावाला काका आतल्या काकूला मराठीत ओरडून सांगायचे, "पुष्पा, दोन राण्या आल्या!" नाहीतर "काही नाही गं, नुसती भीती घालतोय."

तिनं फोन घेतला, माईक बंद केला आणि म्हणाली, "काका, दोन डाव माझ्या मनासारखे खेळा. मी हरले तर काकूचे फोटो मी स्वतः काढून टाकते."

"ए!" काकू म्हणाली.

"काकू, विश्वास ठेव गं."

तिनं काळ्या अस्तराचा तुकडा समोर पसरला, काकांचा कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि माईक पुन्हा चालू करून फोन काकांच्या हातात दिला. आता बोलायचं काकांनी, लिहायचं तिनं.

पहिल्या डावात काकांना आली सत्ती आणि दुरी, रंगही वेगवेगळे. याहून भिकार पत्ते नसतात. नुकत्याच येऊन बसलेल्या हुलीनं ऐटीत चिप्स वाढवल्या. वर्षिणीनं अस्तरावर भराभर लिहिलं, 'मोठ्यानं म्हणा, दोन एक्के.'

काकांनी डोळे वटारले. पण म्हणाले. "पुष्पा, दोन एक्के आले गं!" आणि चिप्स आणखी वाढवल्या.

हुलीनं क्षणात पत्ते टाकले.

काका खांदे उडवून ओठांनीच म्हणाले, योगायोग. वर्षिणीनं बोट वर केलं, अजून एक.

दोन-तीन फालतू हात सोडून दिल्यावर काकांना आले दोन राजे. इस्पिकचा आणि बदामचा. आनंदानं त्यांचं तोंड उघडणार तोच वर्षिणीनं अस्तर नाकासमोर धरलं, 'काहीच नाही म्हणा.'

"छ्या, पुष्पा, काहीच नाही हातात," काका गळा काढून म्हणाले. "घाबरवून बघतो जरा."

"बघा बघा," काकूनंही सूर लावला. तिला आता मजा यायला लागली होती.

काकांनी चिप्स वाढवल्या. हुलीनं होत्या नव्हत्या तेवढ्या सगळ्या पुढे सरकवल्या. काकांनी बटण दाबलं. दोघांचे पत्ते उघडे झाले. हुलीकडे एक्का आणि राणी. टेबलावर एकेक पान पडत गेलं, तिसरं पान किलवरचा राजा! पुढच्या दोन पानांत काही फरक पडला नाही. हुलीच्या सगळ्या चिप्स घरंगळत काकांकडे आल्या.

आणि फोनमधून, अगदी स्वच्छ, अगदी ठसठशीत मराठीत आवाज आला, "आयला, म्हातारं खोटं बोललं की!"

काकांनी फोन झटकन लांब धरला. बाहेर मोगऱ्याची माळ विकणारा ओरडत होता.

"म्हातारं?" काकू सगळ्यांत आधी सावरली. तिनं फोन तोंडाशी नेला. "अरे मेल्या, म्हातारं कुणाला म्हणतोस? पायाची चौकशी करून घर धुऊन न्यायला निघालास होय रे?"

हुली टेबलावरून गायब झाला.

वर्षिणी हसायला लागली होती, पण काकांचा चेहरा बघून थांबली. ते पांढरेफटक पडले होते. "वर्षू," ते हळूच म्हणाले, "सकाळी पुष्पानं बटणवाल्याला पैसे पाठवले. पिन विचारला तिनं. खेळ मागे चालूच होता, आणि मी इथूनच ओरडून सांगितला. मराठीत."

म्हणजे हुलीकडे पिन होता. फोन तेवढा हातात यायचा बाकी होता, आणि त्यासाठीच ती लिंक होती.

"खातं बघ," काका डोळे मिटून म्हणाले. "मला नाही बघवत."

वर्षिणीनं बघितलं. मग तिनं एवढा मोठा श्वास सोडला की समोरची कात्रणं उडाली. "आहे. सगळं आहे, काका. अ‍ॅप आत आलंच नाही. जागाच नव्हती ना!"

काकांनी डोळे उघडले आणि भिंतीला टेकून बसले. काकू पदरानं डोळे पुसत होती आणि हसतही होती.

पुढचं काम वर्षिणीनं झपाझप केलं. हुलीला ब्लॉक केलं, त्याची तक्रार पोकरच्या अ‍ॅपकडे केली, लिंक पुसली, खेळाला माईकची परवानगीच काढून टाकली. नवा पिन तिनं काकांनाच टाकायला लावला आणि स्वतः तोंड फिरवून उभी राहिली.

"काय ठेवलात हो?" काकूनं विचारलं.

"सुम्मने बस, गप्प!" काका आणि वर्षिणी एकदम ओरडले.

मग काकांनी कापडवाल्याला फोन लावला, भाव ठरवला आणि फोनवर टेपची गुंडाळी आडवी धरून, चोरासारखं इकडेतिकडे बघत, युनिफॉर्मच्या कापडाचे पैसे पाठवून टाकले. पैसे पोचल्याची टिंग वाजली आणि तिघांच्याही खांद्यांवरून काहीतरी उतरलं.

"गळ्यांनी वाचवलं बघा," काकू म्हणाली. "आणि तुम्ही काढून टाका म्हणत होता."

"मी? मी कधी म्हणालो? छान गळे आहेत. ठेव. आणखी काढ."

तेवढ्यात बन्नूरच्या बाई ब्लाऊज न्यायला आल्या. काकांनी घालून बघायला सांगितलं, बसल्या जागेवरूनच टेप लावली आणि सवयीनं आत वळून तोंड उघडलं, "पुष्पा, अजून दोन..."

ते थांबले. बाईंकडे बघितलं. बाई हसऱ्या चेहऱ्यानं उभ्या होत्या. काकांनी मुकाट्यानं वर्षिणीच्या हातातला खडू घेतला आणि काळ्या अस्तरावर आकडा लिहून काकूला दाखवला.